पिल्लू पाय टाकत नाही, तोल जातो: औषधाआधी ते बसतंय कसं ते बघा

खुडूक कोंबडीखालून पिल्लं निघाली की त्यातलं एखादं मागं राहतंच. बाकीची आईच्या मागं पळतात, हे एका जागी बसून चिवचिवतं. उठायला गेलं की पाय फाकतात, नाहीतर चोचीवर आपटतं. सोलापुरात आमच्या भागात अशा पिल्लाकडं बघून पहिलं वाक्य ठरलेलं: "वारं गेलंय बघा ह्याच्या अंगावरनं." मग मेडिकलमधून कुठलंतरी टॉनिक येतं, दोन दिवस थेंब पाजले जातात आणि फरक पडला नाही की पिल्लू कोपऱ्यात ठेवून दिलं जातं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मला हे बघवत नाही, कारण यातली बरीच पिल्लं वाचण्यासारखी असतात. एकाला पट्टी लागते, एकाला बी२ जीवनसत्त्व, एकाला ई जीवनसत्त्व, एकाचं नुसतं अंथरूण बदललं तरी भागतं. एक-दोन आजार असेही आहेत की त्यांना औषधच नाही. सगळ्यांना एकच बाटली पाजून चालत नाही. वेळही थोडा असतो. पिल्लाची हाडं रोज वाढतात आणि वाकडी वाढली की तशीच पक्की होतात. म्हणून बाटली उघडण्याआधी पाच मिनिटं पिल्लासमोर बसा. ते बसतं कसं, पाय कुठल्या दिशेला जातात, बोटं सरळ आहेत की मुडपलेली, मान कुठं वळते, आणि वय किती दिवसांचं, एवढं नीट पाहिलं तर निम्म्याहून जास्त निदान तिथंच होतं.

पहिल्या तासात काय करायचं

कारण काहीही असो, दुबळं पिल्लू आधी वेगळं काढा. बाकीची त्याला तुडवतात, बोटं आणि डोळे टोचतात. पण पार एकटंही ठेवू नका, आवाज ऐकू येईल, दिसेल अशा जाळीपलीकडं ठेवा. एकटं पिल्लू ओरडून ओरडून दमतं आणि खाणं सोडतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. हा आकडा सोलापुरात डोळे झाकून वापरू नका. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली दुपारचा पारा आधीच चाळिशीपार असतो. तिथं वर बल्ब लावला तर धडधाकट पिल्लू उठून सावलीला जाईल, पाय गेलेलं पिल्लू जागेवरच भाजून निघेल. म्हणून बल्ब नेहमी खोक्याच्या एका टोकाला लावा आणि पिल्लू मध्ये ठेवा. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर लांब करा, आक्रसून ओरडत असेल तर जवळ घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र बल्ब हवाच.

दुबळं पिल्लू भुकेपेक्षा तहानेनं आधी जातं. पाण्यापर्यंत चालत जाता येत नाही, एवढंच कारण. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते गच्चीवरच्या टाकीत साठतं आणि उन्हाळ्यात दुपारी कढत होतं. ते देऊ नका, माठातलं द्या. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या पाण्यात कालवून त्यातलं थोडं वाटीत घ्या आणि चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा. पिल्लू आपण होऊन गिळतं. ड्रॉपर घशात घालू नका, पाणी श्वासनळीत गेलं तर पिल्लू पायानं नाही, पाण्यानं मरेल. झाकणात पाणी ठेवणार असाल तर त्यात चार खडे टाका. तोल जाणारं पिल्लू अर्ध्या इंच पाण्यातही बुडतं.

आता पिल्लू उलटं करून बघा. शेपटीखाली विष्ठा वाळून भोक बंद झालं असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून काढा, ओढू नका. पोट फुगलेलं, बेंबी ओली आणि वास येत असेल तर तो जंतुसंसर्ग आहे. तिथं पायाचं काही करण्यात अर्थ नाही, लगेच डॉक्टर गाठा.

आणि एक गोष्ट खास आपल्या गावाची. यंत्रमागाच्या वस्तीत अंगणात, गटारीच्या कडेला सुताचे तुकडे पडलेलेच असतात. त्यातला एखादा धागा पिल्लाच्या पायाला अडकतो, पिल्लू पळेल तसा आवळत जातो, आणि पिसांत किंवा सालीत तो दिसतही नाही. एकच पाय सुजलाय, बोटं निळसर झालीत, पिल्लू त्या पायावर भार देत नाही, असं दिसलं तर भिंगाखाली किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करून धागा शोधा. बारीक टोकाच्या कात्रीनं कापा, मग पाय कोमट पाण्यात धरा. हे वेळेत सापडलं तर दोन-तीन दिवसांत पाय टाकायला लागतं. उशीर झाला तर बोट काळं पडून गळतं.

दोन्ही पाय बाजूला फाकलेले

पहिल्या दोन-चार दिवसांचं पिल्लू, तरतरीत, खायला मागतं, पण पाय दोन दिशांना गेलेले, पोट जमिनीला टेकलेलं. हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात सहज बरं होतं. कारण बहुतेक वेळा पायाखाली असतं: वर्तमानपत्र, फरशी, प्लास्टिकचा टब. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या मांड्यांत दम नसतो. गुळगुळीत जागेवर पाय घसरला की तो तसाच बाहेर राहतो. इन्क्युबेटरमध्ये उष्णता कमी-जास्त झाली तरीही असं होतं. ३७.५ अंशांच्या वर बराच काळ राहिलेली अंडी लवकर फुटतात आणि पिल्लं पायानं कच्ची निघतात.

बांधायचं असं. मेडिकलमध्ये कागदी चिकटपट्टी मिळते, मायक्रोपोर म्हणतात ती. अर्धा सेंटिमीटर रुंदीची पट्टी उभी कापून घ्या. एकानं पिल्लू रुमालात गुंडाळून उताणं धरायचं, पाय तेवढे बाहेर. दुसऱ्यानं पाय हलकेच आत आणायचे, शरीराच्या बरोबर खाली येतील एवढेच. दोन पायांत साधारण २ ते अडीच सेंटिमीटर अंतर ठेवायचं. पट्टी एका पायाच्या नळीभोवती सैल फिरवायची, मधल्या अंतरात तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटवायच्या आणि दुसऱ्या पायाभोवती फिरवून संपवायची. बेडीसारखी दिसते. नळी आणि पट्टी यांच्या मध्ये काडेपेटीची काडी जाईल एवढी ढील हवी. रबर बँड कधीच लावू नका, रात्रीतून रक्त बंद करतो.

खाली ठेवल्यावर पहिला अर्धा तास पिल्लू धडपडतं, पुढं आपटतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "सोड की त्याला, कशाला हाल करतीस?" धीर धरा. पट्टी लावून उभं राहता यायला लागलं की ते आपोआप दाण्याकडं वळतं. रोज एकदा पट्टी तपासा, पिल्लू वाढलेलं असतं. तीन-चार दिवसांनी काढून बघा. पाय परत फाकत असतील तर आणखी दोन-तीन दिवस. आठवडा उलटल्यावर सुरू केलं तर यश कमी, म्हणून दिसलं त्याच दिवशी बांधा.

अंथरूण सुधारल्याशिवाय पट्टीचा उपयोग नाही. सोलापुरात घरोघरी टॉवेलचे तुकडे असतात, पण टेरी टॉवेलच्या फासांत पिल्लाची नखं अडकतात आणि सोडवायच्या धडपडीत पाय मुरगळतो. त्यापेक्षा जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा उत्तम. वीण घट्ट, पकड चांगली, धुतला की परत वापरता येतो. मात्र कडेचे सुटे धागे आधी दुमडून शिवून टाका, कारण वर सांगितलंच. पहिला आठवडा झाला की तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा चालतो.

बोटं मुडपलेली, गुडघ्यावर चालतं

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लू बोटांची मूठ वळून, उलट वाकणाऱ्या सांध्यावर बसून सरकायला लागलं, आणि तरीही त्याला भूक आहे, डोळे टवटवीत आहेत, तर ती बी२ म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता समजा. यात पायाची शीर, म्हणजे मज्जातंतू, सुजते. लवकर दिलं तर उतार पडतो, बोटं कायमची वळून कडक झाली की नाही.

इथंच टॉनिकचा घोळ होतो. कोंबड्यांसाठी मिळणारी काही लोकप्रिय व्हिटॅमिन मिश्रणं ए, डी३, ई आणि बी१२ ची असतात, त्यात बी२ नसतंच. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. माणसांची बी-कॉम्प्लेक्सची साधी गोळी इथं जास्त कामाची. पिल्लाला १०० मायक्रोग्रॅमचे दोन डोस, एक आज एक उद्या, एवढं सहसा पुरतं, पुढं ते खाद्यातून मिळत राहायला हवं. गोळीत बी२ १० मिलिग्रॅम असेल तर तिची पूड १०० मिली पाण्यात ढवळा, म्हणजे १ मिलीमध्ये १०० मायक्रोग्रॅम येतं. हे १ मिली एकदम न पाजता दिवसभरात थेंबाथेंबानं द्या. बी२ उजेडानं नासतं, म्हणून पाणी स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा आणि रोज नवीन करा.

बोटं सरळ ठेवायला जाड पुठ्ठ्याचा छोटा तुकडा पायाखाली धरून वरून त्याच कागदी पट्टीनं बोटं पसरून चिकटवा. दोन दिवस पुरे.

मान वळते, तोल जातो

पाय शाबूत, पण मान मागं पाठीवर जाते आणि पिल्लू आकाशाकडं बघत मागं पडतं: हे बी१ कमी पडल्याचं लक्षण. याला बी१ दिलं तर काही तासांतच फरक दिसतो, म्हणून ते निदानही आहे आणि उपचारही. पावसाळ्यात रक्ती हगवणीवर अँप्रोलियम देतात, ते बी१ च्या वाटेत येऊनच काम करतं. जास्त मात्रेत किंवा जास्त दिवस दिलं की पिल्लाचाच बी१ आटतो. पण हगवण चालू असताना, औषध चालू असताना वरून बी१ चं टॉनिक पाजलं तर औषध निकामी होतं. आधी मात्रा पूर्ण करा, मग टॉनिक.

दोन ते चार आठवड्यांचं पिल्लू डोकं खाली, पायांच्या मध्ये घालतं, गोल फिरतं, पाय झटकत आडवं पडतं, तर ई कमी. आपल्याकडं याचं कारण बऱ्याचदा खवट पेंड असते. शेंगदाण्याची, करडईची पेंड उन्हाळ्यात पत्र्याखाली पोत्यात राहिली की तिच्यातलं तेल खवट होतं आणि खवट तेल खाद्यातलं ई खाऊन टाकतं. पोत्यात हात घालून वास घ्या, जुन्या तेलाचा वास आला तर ते पोतं पिल्लांपुढं आणू नका. ई ची कॅप्सूल टोचून दोन-तीन थेंब रोज, जोडीला उकडलेल्या अंड्याचा चुरा. मेंदूला इजा झालेली असेल तर सगळीच पिल्लं परत येत नाहीत, पण उरलेल्यांना वाचवायला खाद्य बदलणं हाच इलाज.

मान वळण्याबरोबर हिरवी पातळ विष्ठा, धाप, सुस्ती, आणि एकामागून एक पिल्लू पडायला लागलं तर जीवनसत्त्वांचा नाद सोडा. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. विषाणूचा आजार, औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर२बी ही त्याच आजाराची दुसरी लस. एखादं पिल्लू वाचतं पण मान वाकडीच राहते. ते खातंपितं, जगतं, फक्त दाणा टिपताना त्याला खोल वाटी लागते.

सांधा सुजलाय, हाड मऊ आहे

एका पायाचा सांधा सुजून चपटा दिसतो आणि खालचा पाय बाहेर वळलाय, तर मागची मोठी शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, खोबणीतून घसरली आहे. दोन्ही पायांच्या सांध्यामागून बोट फिरवा. चांगल्या पायाला मधोमध दोरीसारखी शीर लागते, बिघडलेल्याला ती कडेला सापडते. पहिल्या एक-दोन दिवसांत पाय हळूच मागं ताणून अंगठ्यानं ती जागेवर सरकवता येते, वर पट्टी लावायची. नंतर जमत नाही आणि ओढाताण करून पिल्लाला नुसतं दुखतं. मँगनीज, कोलीन, बायोटिन कमी पडल्यानं हे होतं. नुसत्या मक्यावर वाढलेल्या पिल्लांत दिसतं, कारण मक्यात मँगनीज फार थोडं. गव्हाचा किंवा भाताचा कोंडा मिसळला तर ते भरून निघतं.

चोच बोटानं दाबली की रबरासारखी वाकते, पिल्लू चालताना डुलतं, तर मुडदूस: डी३, कॅल्शियम, फॉस्फरसचा घोळ. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण बंद खोलीत बल्बखाली वाढणाऱ्या पिल्लाला ते मिळतच नाही, आणि काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नसतो. सकाळी ऊन फार तापायच्या आत अर्धा तास अंगणात डालग्याखाली डाला, अर्ध्यावर सावली ठेवून. कॅल्शियम वाढवायचं म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या पुढं असतं, पिल्लाला एक टक्का लागतं, बाकीचं त्याच्या मूत्रपिंडावर जातं.

दोन-तीन महिन्यांची तलंग एक पाय पुढं, एक मागं टाकून आडवी झाली, तर तो बहुधा मॅरेक्स नावाचा विषाणूचा आजार. यालाही औषध नाही. लस पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली देतात, म्हणून हॅचरीतून पिल्लं घेताना ती दिली आहे का हे विचारा. असा पक्षी वेगळा काढा. पिसांच्या धुळीतून हा विषाणू खुराड्यात महिनोन्महिने टिकतो, तेव्हा तिथली जुनी तूस-भुशी जाळून टाका.

दर खेपेला होतंय त्याचं काय

एकाच पिल्लाला झालं तर त्याच्याकडं बघा, दर खेपेला होत असेल तर पोत्याकडं बघा. आपल्या जिल्ह्यात पिल्लांचं खाणं म्हणजे ज्वारीच्या कण्या. ज्वारी आपल्या मंगळवेढ्याची, नंबर एक, भाकरीला तोड नाही. पण चिक स्टार्टर खाद्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात, ज्वारीत त्याच्या निम्मी. बी२, डी३, कॅल्शियम तर नावापुरतंच. आई बाहेर फिरवते तेव्हा किडे, पाला, शेणातल्या अळ्या यांतून ते भरून निघतं. तीच पिल्लं गच्चीवर किंवा खोलीत कोंडली आणि कण्याच घातल्या की तिसऱ्या आठवड्यात पाय जायला सुरुवात होते. पहिले सहा आठवडे स्टार्टर द्या. ते परवडत नसेल तर कण्यांबरोबर उकडलेलं अंडं, ताजं ताक शिंपडलेला कोंडा, बारीक चिरलेला लसूणघास रोज द्या. स्टार्टरही सुटं, थोडं थोडं आणा. उन्हाळ्यात उघडं पोतं महिनाभर पडलं की जीवनसत्त्वं उडून जातात.

पेरणीनंतर उरलेलं रंग लावलेलं बियाणं धुऊन पिल्लांना घालायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कृपा करून घालू नका. बियाण्याला लावतात ते थायरम पिल्लाच्या पायाच्या हाडाची वाढ बिघडवतं, आणि धुतल्यानं ते सगळं जात नाही.

डॉक्टरांकडं जाताना पिल्लाचा चालतानाचा व्हिडिओ, खाद्याची मूठभर पुडी आणि दिलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत न्या. जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना गावाजवळ असतो, नाहीतर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो. एकाच वेळी बरीच मरायला लागली तर मेलेल्यांना उघड्या हातानं उचलू नका, उकिरड्यावर टाकू नका, तोच फोन करा. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हाही आधी दिसल्या त्या एका शेडमधल्या मेलेल्या कोंबड्याच.

बरं झालेलं पिल्लू परत कळपात सोडायचं ते अंधार पडल्यावर, आईच्या पंखाखाली. सकाळी ती त्याला टोचते का ते बघायला तासभर तिथं थांबा.

आणि पुढची अंडी बसवण्याआधी दोन-तीन आठवडे त्या कोंबडीलाच नीट खाऊ घाला: हिरवा पाला, ताक, मिळाली तर थोडी कलेजी. पिल्लाला पहिल्या आठवड्यात पुरणारं बी२ अंड्यातूनच येतं. बसवायच्या आदल्या दिवशी तिचं एक अंडं पांढऱ्या ताटलीत फोडून बघा. पांढऱ्या बलकात हलकी हिरवट-पिवळी झाक दिसते ती बी२ चीच. हा पांढरा बलक अगदी पाण्यासारखा रंगहीन असेल तर अंडी बसवायची घाई करू नका, कोंबडीला आणखी आठ-दहा दिवस पाला घाला.